बोदलकसाच्या पाळीवरचा माणूस

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, तर तेही ठामपणे सांगता येणार नाही. मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, पशुधन पर्यवेक्षक म्हणून. गावातले लोक डॉक्टर म्हणतात आणि त्यांची चूक दुरुस्त करणं मी कधीच सोडून दिलंय. तेवीस वर्षांच्या नोकरीत "गाईला बाहेरचं लागलं" म्हणून मला कितीदा बोलावणं आलं असेल, त्याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी काही ना काही निघालं. जंत निघाले, पोटात प्लास्टिकची पन्नी निघाली, एकदा तर घशात अडकलेली आंब्याची कोय निघाली. बाहेरचं म्हणून जे काही असतं ते कधीच निघालं नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते माझ्याकडून येतंय याचं मलाच थोडं अवघड वाटतं.

मी मूळचा आमगावकडचा. राहतो गोंदियात आणि सध्या नोकरी कामठ्याच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव देत नाही, त्यातल्या माणसांची नावंही बदलली आहेत. कारण ती माणसं हे वाचणार नसली तरी त्यांचे नातेवाईक वाचतात.

मला फोटो काढायचा नाद आहे. गोंदियातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं धंदा बंद केला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा मी घेतला. तो बॅगेत सिरिंज आणि लसीच्या थर्मासच्या शेजारीच असतो. लसीकरणाला गावोगाव फिरणं होतंच, मग जे दिसेल ते टिपायचं. झाडाला आरसा टांगून दाढी करणारा न्हावी. बिरसीच्या विमानतळावरून उडालेलं शिकाऊ पोरांचं छोटं विमान डोक्यावर घिरट्या घालतंय आणि खाली धानाची रोवणी करणाऱ्या बायांपैकी एकीनंही मान वर केलेली नाही, असा एक. सुट्टीत बायकोला घेऊन कुठे गेलो तर तिथलेही फोटो तसलेच. अमरकंटकला देवळापेक्षा बाहेर चपला सांभाळणारी म्हातारीच माझ्याकडे जास्त आहे. बायको शाळेत शिकवते. ती म्हणते, "तुमच्या फोटोत पाहण्यासारखं काही नसतं, पण पाहत बसावंसं वाटतं." मी ते कौतुक समजतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिनंच फर्मान काढलं. हार्ड डिस्क भरली आहे, एक तर प्रिंट काढा नाहीतर डिलीट करा. म्हणून मी चाळीसेक फोटो निवडून पोस्टकार्डाहून थोडे मोठे प्रिंट काढून आणले आणि दवाखान्याच्या ओसरीच्या भिंतीवर चिकटवले. तिथे लोक जनावर घेऊन तासभर बसलेले असतात, तेवढंच पाहायला काही. उद्देश इतकाच.

जुलैत, रोवणी सुरू असताना, देवकाबाई शेळी घेऊन आल्या. चाळिशीच्या बाई, गावातल्याच. शेळीचं पोट फुगलं होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळं गवत खाऊन होतं तसं. मी तेल पाजलं, पोट चोळलं, नळी घातली. वायू निघून शेळी उभी राहिली तेव्हा हात धुवून मागे वळलो, तर बाई शेळीजवळ नव्हत्या. ओसरीच्या भिंतीला नाक लावून उभ्या होत्या.

"डाक्टर साहेब, हा फोटू कोठचा आहे?"

मी जवळ जाऊन पाहिलं. "बोदलकसा. तिरोड्याकडे. दीड वर्ष झालं."

"हा माया भाऊ आहे."

फोटो असा होता — जानेवारीच्या शेवटची सकाळ, तलावाच्या पाण्यावर धुकं, डोंग्यात मासे धरणारे तीन ढिवर. एकानं फेकजाळं नुकतंच फेकलंय आणि ते हवेत पूर्ण उघडलंय, अगदी गोल. त्या गोलासाठीच मी तो निवडला होता. मला वाटलं, डोंग्यातल्या कोणाबद्दल त्या बोलताहेत. पण त्यांचं बोट वर उजव्या कोपऱ्यात होतं. तिथे तलावाची पाळ, म्हणजे मी उभा होतो तोच मातीचा बांध, दूरवर वळत जाते. त्या पाळीवर एक माणूस उभा होता. प्रिंटमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा. काठीवर भार देऊन, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्याला टेकवलेला.

तो माणूस मी तोवर पाहिलेलाच नव्हता. त्यात विशेष काही नाही. स्वतःच्या फोटोत आपण न पाहिलेलं खूप असतं, हे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

"बाई, एवढ्या दुरून काय ओळखता? असा कोणीही उभा राहतो."

"कोनी नाई राहत असा. बगऱ्यावानी एका पायावर तोच उभा राहते. दंडारीत काम करे न जी तो, तवापासूनची खोड आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी तुमच्या भावाले पाठीवरून ओरखता का नाई?"

त्या रडल्या नाहीत. शेळीची दोरी हाताला गुंडाळत सगळं सांगितलं. धाकटा भाऊ लेखराम. नऊ वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. दिवाळीनंतर मंडईचे दिवस होते. आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचं लोकनाट्य होतं, आणि लेखरामचं सोंग शेजारच्या गावच्या दंडारीत होतं. धान कापून पडला होता, राखणीला बाप एकटा शेतावर. दुपारी बापाला साप चावला. जवळ कोणीच नव्हतं. तेराव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर थोरला भाऊ घनश्याम त्याला म्हणाला, "तू शेतावर राहता त बाप आज जिवंत राहता." जेवणाच्या पंगती उठल्या, लेखरामनं सगळ्यांच्या पत्रावळी उचलल्या, उकिरड्यावर टाकल्या आणि तसाच निघून गेला. शोधलं, पोलिसात दिलं. काही नाही.

"त्याचा हात काऊन बांधला आहे जी?" जाता जाता त्यांनी विचारलं.

मी पुन्हा वाकून पाहिलं. खरंच, डावा हात गळ्यात अडकवल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, घरी कॉम्प्युटरवर मोठा करून पाहतो, उद्या सांगतो.

घरी फाइल उघडली आणि इथून पुढचं सगळं सुरू झालं.

जाळं फेकतानाचा फोटो एकच काढून भागत नाही, मी लागोपाठ काढतो. त्या सकाळी एकाच जागेवर उभं राहून, कॅमेरा न हलवता, मी तीन फोटो काढले होते. जाळं हातात, जाळं हवेत, जाळं पाण्यात. कॅमेऱ्यात वेळ सेकंदासह नोंदली जाते. पहिल्या आणि तिसऱ्या फोटोत सात सेकंदांचं अंतर आहे. माणूस फक्त मधल्या फोटोत आहे.

बोदलकसा ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथली पाळ त्या भागात उघडी आहे. झाड नाही, झुडूप नाही. त्याच्या आधी तीन सेकंद पाळ रिकामी, त्यानंतर चार सेकंदांनी पाळ रिकामी. चालत येऊन, काठी टेकून, एक पाय उचलून निवांत उभं राहायचं आणि पुन्हा दिसेनासं व्हायचं, हे सात सेकंदांत होत नाही. हात गळ्यात बांधलेला असताना तर नाहीच. आणि दुसरं म्हणजे मला ती सकाळ आठवते. पाळीवरून एक सायकलवाला चालला होता, तो फ्रेममधून पूर्ण जाईपर्यंत मी थांबलो होतो. पाळ रिकामी हवी म्हणूनच.

मी फोटो मोठा केला. चेहरा फार स्पष्ट नाही, पण चेहरा आहे. तिशीतला, दाढी वाढलेली. हात कापडाच्या झोळीत. त्या कापडावर काही छापलेलं होतं. तांदळाच्या कापडी पिशवीवर मिलचा छाप असतो, तसं. बायको मागे येऊन उभी राहिली. पोरांची अक्षरं वाचून तिची नजर तयार आहे.

"टापारा," ती म्हणाली. "त्याच्या आधीचं झाकलंय. खाली कंसात छ.ग. भाटापारा असेल, अहो. छत्तीसगढ."

मी तिला तिन्ही फोटो दाखवले. ती बराच वेळ एकाचं दुसरं करत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईंना हे सांगणार का?"

तो प्रश्न मी आठवडाभर घेऊन फिरलो. सांगायचं तर काय सांगायचं? तुमचा भाऊ या फोटोत आहे, पण तो तिथे असू शकत नाही, असं? नऊ वर्षांनी त्यांना काहीतरी हाताला लागलं होतं, आणि जे लागलं होतं तेच गडबडीचं होतं. जुन्या कॅमेऱ्यात काही बिघाड असेल म्हणून ज्याच्याकडून घेतला त्यालाच फाइल नेऊन दिली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "भैया, एडिट-विडिट कुछ नहीं है. कार्ड में भी गड़बड़ नहीं है. आदमी खड़ा था, तो आया." मी म्हटलं, आधीच्या आणि नंतरच्या फोटोत? तो म्हणाला, "वो मेरे को मत पूछो."

दरम्यान देवकाबाईंनी घनश्यामला दवाखान्यात आणलं. पन्नाशीचा उंच माणूस, धानाची शेती करतो, बोलणं मोजकं. तो फोटोसमोर उभा राहिला तेव्हा ओसरीत तीन-चार लोक होते. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कवाचा म्हनता?"

"दीड वर्ष."

"म्हंजे जिवंत आहे." एवढं बोलून तो खाली बसला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं दोन मोटारसायकलींवर बोदलकसाला गेलो. मी नको म्हणत होतो, पण घनश्यामला जागा पाहायचीच होती. तलाव भरत आला होता. फोटोतल्या ढिवरांपैकी एक म्हातारे गृहस्थ काठावर जाळं विणताना भेटले. त्यांनी स्वतःचा फोटो ओळखला, हसले. पाळीवरच्या माणसावर बोट ठेवलं तशी मान हलवली. "असा कोनी नाई आमच्याकडे. हात बांधलेला त बिलकूल नाई. न त्या दिवशी पारीवर तुमीच होते जी एकटे. आमी म्हनत होतो, हा साहेब थंडीत कायले कुडकुडून राहिला."

परत येताना तिरोड्याच्या अलीकडे चहाला थांबलो. देवकाबाई ग्लास हातात धरून बसल्या होत्या, पीत नव्हत्या. घनश्याम म्हणाला, "गेला असन पुढं कोठी. आता कोठी पाहावं?" त्याच्या आवाजात चिडणंही नव्हतं. तेव्हा मी भाटापाऱ्याचं सांगितलं. छापाची अक्षरं मोबाइलवर दाखवली. तीन फोटोंचं सांगितलं नाही. हे मी मुद्दाम केलं, आणि ते बरोबर होतं की चूक, यावर माझं आणि बायकोचं आजही एकमत होत नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. मी का गेलो? हिंदी नीट बोलतो म्हणून, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे, तिथे कोणी सापडणार नाही याची मला जवळजवळ खात्री होती, आणि त्या दोघांना रिकाम्या हातांनी एकटं परत यावं लागू नये असं वाटत होतं.

भाटापारा म्हणजे राइस मिलांचं गाव. स्टेशनबाहेर एका हमालाला छाप दाखवला, त्यानं तीन मिलांची नावं सांगितली. पहिल्या दोन ठिकाणी काही नाही. तिसऱ्या मिलच्या फाटकाशी मुनीम बसला होता. त्याच्यापुढे मोबाइल धरला. त्यानं फोटो पाहिला, आमच्याकडे पाहिलं.

"ये तो अपना लेखराम है. अंदर है, बुलाऊँ?"

देवकाबाई तिथेच फाटकाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. घनश्याम एक पाऊल पुढे गेला आणि थांबला.

लेखराम बाहेर आला तो अंगभर कोंड्यानं माखलेला. केस पांढरे झाले म्हणून मी चकित झालो, मग कळलं तोही कोंडाच. मोठ्या केलेल्या फोटोतला चेहरा तोच, यात शंका नव्हती. त्यानं आधी बहिणीला पाहिलं, मग भावाला. किल्ल्यांचा जुडगा हातात होता तो कमरेला अडकवला. वाकून दोघांच्या पाया पडला. कोणी कोणाला मिठी वगैरे मारली नाही, आमच्याकडे तशी पद्धतही नाही.

मिलची घरघर चालूच होती. मग घनश्याम बोलला.

"बापानंच तुले मंडईत पाठवला होता. मले मागून समजला. भोजराम काकानं सांगतला. तुयं सोंग आहे, लोक वाट पाहतीन, जाय, असा बाप म्हने."

लेखराम कमरेच्या किल्ल्या चाचपत राहिला.

"तेराव्याले काऊन सांगतला नाई?" घनश्यामनं विचारलं.

"तू इचारलाच कोठी?" लेखराम म्हणाला.

घनश्यामनं मान हलवली. हो म्हणतात तशी. मग तो फाटकाबाहेरच्या नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. देवकाबाईंनी तोवर भावाच्या केसांतला कोंडा झटकायला घेतला होता.

मिलच्या मागे लेखरामची खोली होती. तिथे चहा झाला. मी शक्य तितकं सहज विचारलं, "बोदलकसाला काय काम काढलं होतं दीड वर्षाआधी?"

"कोठी?"

"बोदलकसा. तिरोड्याजवळ. तलावावर."

"मी त कधी गेलोच नाई तठी. लहानपनीबी नाई." त्यानं बहिणीकडे पाहिलं. "घर सोडल्यापासून मी गोंदियाची हद्द नाई पाहिलो."

मी मोबाइल पुढे केला. त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी मोठा केला. मी त्याचा चेहरा पाहत होतो. तो घाबरला नाही. एखाद्या अवघड बिलाकडे माणूस पाहतो तसा पाहत राहिला.

"हा मीच आहे," तो म्हणाला. "हात तवा मोडला होता."

संक्रांतीनंतर पोत्यांच्या थप्पीवरून घसरून तो पडला होता. प्लास्टर झालं, झोळीला मिलचीच पिशवी फाडली. पुढे पंधरा दिवस ताप. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी त्यानं पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवली. त्या चिठ्ठीवरच्या तारखेनंतर अकराव्या दिवशी मी बोदलकसाला जाळ्याचा फोटो काढला होता. मुनीमाला विचारलं. तो म्हणाला, "कहाँ जाएगा साहब, इसको तो खड़ा होना नहीं होता था. पंद्रह दिन चाय मैंने भिजवाई है."

मग मी राहिलेलं सांगितलं. तीन फोटो, सात सेकंद, सगळं. देवकाबाईंनी पदर तोंडाला लावला. घनश्याम माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तुमी आमाले आधी सांगतले असते, त आमी आलो नसतो." ते रागानं होतं की उलट, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

लेखरामला मी एवढंच विचारलं, त्या तापात काही दिसलं होतं का, स्वप्न वगैरे, पाणी, तलाव. त्यानं आठवून पाहिलं. मला वाटलं होतं, हो म्हणेल. हो म्हटलं असतं तर आपल्याला धरायला काहीतरी झालं असतं.

"नाई जी. काहीच नाई पाहिलो. मी त झोपून होतो."

तो आमच्यासोबत आला नाही. मालक गावाला गेला होता आणि किल्ल्या याच्याकडे होत्या. "चाबी कोनाले देऊ? पोळ्याले येतो," म्हणाला. घनश्यामला ते पटलं नाही हे दिसत होतं. गाडीत दोघं भाऊबहीण सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होते. डोंगरगढ गेल्यावर देवकाबाई एकदम म्हणाल्या, "बारीक झाला आहे." घनश्याम म्हणाला, "काम करते न."

पोळ्याला लेखराम खरंच आला. आठ दिवस राहिला, भावासोबत बापाच्या शेतावर गेला आणि परत मिलवर गेला. आता दर दोन-तीन महिन्यांनी येतो. गावात राहायला ये, असं त्याला कोणी म्हणत नाही आणि तोही तसं काही म्हणत नाही. यंदाच्या मंडईत त्यानं सोंग घेतलं. मी पाहायला गेलो होतो. चाळिशीला आलेला माणूस, पण चांगलं करतो.

आता तुम्ही विचाराल, की मग हे होतं काय? मला माहीत नाही. जे जमेल ते मी केलं. फाइल दुसऱ्या एका माणसाकडून तपासून घेतली, तोही तेच म्हणाला. लेखरामसारखा दिसणारा दुसरा कोणी असेल, असं धरून पाहिलं. पण त्या दुसऱ्याचाही डावाच हात मोडलेला, तोही भाटापाऱ्याच्या पिशवीत बांधलेला, आणि तोही सात सेकंदांत आला-गेला, हे मानायला मला जास्त कष्ट पडतात. भाऊ तर भाटापाऱ्यात पडून होता, मग बोदलकसाच का, कामठा का नाही, स्वतःचं घर का नाही, यालाही उत्तर नाही. देवकाबाईंना उत्तराची गरज वाटत नाही. त्यांच्या लेखी बापानं दाखवला, विषय संपला. लेखरामला विचारलं तर तो खांदे उडवतो. माझ्यापेक्षा निवांतपणे त्यानं तो फोटो पाहिला होता आणि तेवढं त्याला पुरलं, असं वाटतं.

मला मात्र माझ्या फोटोंकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही. भीती वगैरे नाही. फक्त आता मी कडांकडे पाहतो. सात-आठ हजार फोटो आहेत. त्यांच्या कोपऱ्यांत, मागे, खिडक्यांत, बसच्या पायऱ्यांवर, घाटांवर कितीतरी माणसं आहेत, ज्यांचा फोटो मी काढलेला नाही पण जी माझ्याकडे आहेत. यातल्या कोणाला कोण शोधत असेल, हे मला कसं कळणार? म्हणून मी अनोळखी माणसं असलेले फोटो मोठे करून आणतो आणि ओसरीत लावतो. एक भिंत भरली, आता दुसरी. वरिष्ठ आले होते, त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, जनजागृती. पुढे त्यांनी विचारलं नाही.

लोक आता जनावर नसतानाही येतात. पाहतात, जातात. बाजाराच्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ येतात, कोणत्या गावचे ते मला माहीत नाही. चपला बाहेर काढतात, हात मागे बांधतात आणि पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत एकेक पाहत जातात, कुठेच घाई नाही. एकदा मी विचारलं, "बाबाजी, कोणाला शोधता?"

"पाहू द्या जी," ते म्हणाले.

आता मी विचारत नाही. त्यांच्यासाठी ओसरीत एक स्टूल ठेवलंय.